टांझानियात शिकवायला निघालात? या चुका टाळा

टांझानियाच्या उत्तरेकडील एका सरकारी माध्यमिक शाळेत मी २०१८ आणि २०१९ अशी दोन वर्षे स्वयंसेवक म्हणून गणित शिकवले. तेव्हापासून दर वर्षी तिकडे निघालेली दोन-चार मंडळी सल्ला विचारायला येतात. बहुतेकांना सामानाची यादी हवी असते. यादी दोन ओळींत देतो. चौकोनी दांड्यांच्या ब्रिटिश प्लगसाठी ॲडॅप्टर घ्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅगा घरीच ठेवा, कारण १ जून २०१९ पासून तिथे त्यांच्यावर बंदी आहे. मुलांचे खरे नुकसान ज्या चुकांमुळे होते, त्या सामानाच्या नसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे वर्ग 'येस, टीचर' म्हणाला की त्याला समजले, असे मानणे. मी शिकवत होतो तेव्हा तिथले प्राथमिक शिक्षण सातवीपर्यंत स्वाहिलीतून होते. सरकारी माध्यमिक शाळेत, म्हणजे फॉर्म वनमध्ये, पाऊल ठेवताच स्वाहिली भाषेचा तास सोडून जवळजवळ सगळे विषय इंग्रजीतून सुरू होत. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी विज्ञानाच्या वर्गात बसलेल्या मुलाचा पहिला महिना ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. फरक इतकाच की तिथे तो धक्का तेरा-चौदा वर्षांच्या वयात बसतो.

मी तीन आठवडे इंग्रजीतून शिकवत राहिलो. वह्या स्वच्छ होत्या, फळ्यावरचे प्रत्येक अक्षर उतरवलेले होते आणि मी समाधानी होतो. एके दिवशी मी फळ्यावर उदाहरण लिहिले: ९६ आंबे ७ टोपल्यांत सारखे वाटले, तर 'हाऊ मेनी आर लेफ्ट?' वर्ग गप्प राहिला. बऱ्याच वेळाने खिडकीजवळच्या एका मुलीने आपला डावा हात किंचित उचलून दाखवला आणि हळूच विचारले, "कुशोतो, म्वालिमू?" कुशोतो म्हणजे डावीकडे. तिला इंग्रजीतला 'लेफ्ट' हा शब्द येत होता, पण त्याचा एकच अर्थ तिला कोणी शिकवला होता. माझ्या सहकाऱ्याने दाराशी येऊन तोच प्रश्न स्वाहिलीत विचारला, "माएंबे मांगापी यामेबाकी?" आणि क्षणात निम्मा वर्ग ओरडला, "मातानो!" पाच. भागाकार त्यांना आधीपासूनच येत होता. तीन आठवडे मी गणिताच्या नावाखाली इंग्रजीची परीक्षा घेत होतो आणि तिचे गुण गणितात मोजत होतो.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली, ती आजही सांगतो. फळ्याचा उजवा कोपरा रेघ मारून वेगळा काढायचा आणि त्या तासाला लागणारे पाच शब्द तिथे इंग्रजी व स्वाहिली अशा जोडीने लिहायचे. पाचच, कारण सहावा शब्द कोणाच्या लक्षात राहत नाही. ते शब्द आदल्या दिवशी स्थानिक शिक्षकाकडून तपासून घ्यायचे. सातवीचे 'हिसाबाती'चे स्वाहिली पाठ्यपुस्तक पहिल्याच आठवड्यात मिळवायचे. हिसाबाती म्हणजे गणित, आणि मराठी माणसाला त्यात आपला हिशेब लगेच दिसतो. दुकानाला 'दुका', सरकारला 'सेरिकाली' आणि बातमीला 'हाबारी' म्हणणारी ही भाषा आपल्याला इतकी परकी नाही की ती टाळावी. तरीही 'इंग्रजीवर भागते' म्हणणारे स्वयंसेवक मी दर वर्षी पाहतो. भागते ते त्यांचे. मुलांचे भागत नाही.

दुसरी चूक घड्याळाची आहे. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर जवळपास त्याच सुमारास उगवतो, म्हणून स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात, जशा आपल्या पंचांगात घटका मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. दहा म्हणजे 'सा न्ने', चौथा. शनिवारी 'ॲट फोर' पालकसभा आहे असे मला सांगण्यात आले आणि मी दुपारी साडेतीनला पोहोचलो. मैदानात उलटे करून ठेवलेले बाक तेवढे होते. सकाळी दहाला आलेल्या आया, त्यांतल्या काही बाजाराचा दिवस बुडवून आलेल्या, गणिताच्या नव्या शिक्षकाची वाट पाहून दुपारी परतल्या होत्या. पुढचा महिनाभर मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. दाराशी 'होदी' म्हणायचे, आतून 'कारिबू' आल्यावरच आत जायचे, हे मी त्याच फेऱ्यांत शिकलो. उपाय सोपा आहे. वेळ ऐकली की 'आसुबुही' की 'जिओनी', सकाळ की संध्याकाळ, हे विचारून ती उलट म्हणून दाखवा. घड्याळात तासकाट्याच्या बरोबर समोरचा आकडा वाचला की स्वाहिली तास मिळतो.

वडीलधाऱ्यांना 'शिकामो', म्हणजे आदराचा नमस्कार, म्हणायला विसरू नका. मुले तुम्हाला 'शिकामो' म्हणतील तेव्हा 'माराहाबा' एवढेच उत्तर द्या. उलट 'शिकामो' म्हणू नका आणि 'हॅलो' तर नकोच.

पर्यटक व्हिसावर शिकवू नका. स्वयंसेवकांसाठी 'क्लास सी' निवास परवाना असतो. तो कोण काढणार आणि त्याचे शुल्क कोण भरणार, हे निघण्यापूर्वी शाळेकडून लेखी घ्या. 'तिकडे गेल्यावर बघू' हा सल्ला देणारा स्वतः दंड भरायला येत नाही. सुटीत केनियात फिरून भारतात परतणार असाल, तर पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असू द्या.

पहिल्या आठवड्यात पेन आणि चॉकलेटे वाटू नका. त्यानंतर तुमच्या हाताकडेच पाहिले जाते, फळ्याकडे नाही. शहरातल्या गुजराती कुटुंबांचे प्रेम आणि जेवण जरूर घ्या, पण प्रत्येक शनिवार-रविवार तिथेच काढलात, तर गावाच्या लेखी तुम्ही दुकानदाराकडे आलेले पाहुणेच राहाल.

छडीचा प्रश्न अवघड आहे. तिथल्या शाळांत शारीरिक शिक्षेला नियमांनी मुभा आहे. मी छडी कधी हातात घेतली नाही आणि माझ्या तासाची शिक्षा दुसऱ्याकडून करवून घेतली नाही. मात्र शिक्षकांच्या खोलीत पहिल्या आठवड्यात व्याख्यान देणाऱ्यांचे पुढे कोणी ऐकत नाही. सत्तर मुलांचा वर्ग छडीविना शांत राहतो, हे सहा महिने दाखवा आणि मग बोला.

आणि मध्येच निघून येऊ नका. शालेय वर्ष जानेवारीत सुरू होते आणि फॉर्म फोरची राष्ट्रीय परीक्षा वर्षाच्या अखेरीस असते. जुलैत येऊन ऑक्टोबरात परतणारा शिक्षक त्या वर्गाला अर्ध्या प्रकरणावर सोडून जातो. निघताना मी पाच-पाच शब्दांच्या त्या सगळ्या जोड्या एका जाड वहीत प्रकरणवार उतरवून काढल्या आणि वही शिक्षकांच्या कपाटात हजेरीपटाशेजारी ठेवली. सहकाऱ्याने दुसऱ्याच दिवशी तिला खाकी कागदाचे कव्हर घातले.