प्रमाणपत्रावर मराठी नाव मध्यभागी बसवताना

फोंड्यातील भजन किंवा नाट्यस्पर्धेसाठी शेकडो प्रमाणपत्रे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील पिलो या चित्रे हाताळणाऱ्या लायब्ररीने तयार करायची असतील, तर मजकुराची रुंदी अक्षरांच्या संख्येवरून कधीही ठरवू नये. जुनी ‘टेक्स्टसाइझ’ पद्धत २०२३ मधील दहाव्या आवृत्तीत काढून टाकण्यात आली असून तिच्याऐवजी ‘टेक्स्टबीबॉक्स’ वापरावी. ती मजकुराच्या चौकटीच्या डाव्या, वरच्या, उजव्या आणि खालच्या कडा देते. चित्राच्या रुंदीतून चौकटीची रुंदी वजा करून निम्मे करावे आणि त्यातून डावी कड पुन्हा वजा करावी, कारण ती नेहमी शून्य असतेच असे नाही.

उभ्या दिशेने मात्र हेच गणित देवनागरीत फसवे ठरते. ‘म्हापसा’ या नावात वर वा खाली काही नाही, ‘पेडणे’मध्ये वर मात्रा आहे आणि ‘कुडचडे’मध्ये वर मात्रा व खाली उकारही आहे, त्यामुळे प्रत्येक नाव स्वतःच्या चौकटीनुसार मध्यभागी आणले, तर शिरोरेषा प्रत्येक प्रमाणपत्रावर वेगळ्या उंचीवर पडते, आणि प्रमाणपत्रे शेजारी ठेवल्यावर ते फार खटकते. म्हणून मजकूर कोणत्या बिंदूला धरून बसवायचा हे सांगणाऱ्या ‘अँकर’ला ‘एमएस’ हे मूल्य देऊन आडवा मध्य आणि एक ठरावीक आधाररेषा वापरणे मला सर्वांत योग्य वाटते.

त्याआधी पिलोला ‘रॅक्म’ ही अक्षरांची योग्य जुळणी करणारी लायब्ररी उपलब्ध आहे का, हे अवश्य तपासावे. ती नसेल तर जोडाक्षरे तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते.