घरच्या अलार्म पॅनेलची बॅटरी बदलायची, तीही भोंगा न वाजवता

रविवारी दुपारी दोनला आमच्या गल्लीत अलार्मचा भोंगा वाजला, तेव्हा चोर मीच होतो. कीपॅडवर कोड टाकून अलार्म बंद केला होता, शिडीवर चढून पॅनेलच्या डब्याचे स्क्रू काढले होते, आणि झाकण बोटभर उचललं तोच हूटर कोकलायला लागला. समोरच्या काकू गच्चीवरून ओरडल्या, "काय झालं रे? कोणी घुसलं काय घरात?"

चूक साधी होती. अलार्म डिसआर्म केला की दारं-खिडक्यांचे आणि खोल्यांतले सेन्सर गप्प बसतात. झाकणाखालचा स्प्रिंगचा छोटा स्विच मात्र गप्प बसत नाही. त्याला टॅम्पर म्हणतात आणि तो चोवीस तास जागा असतो. दिवसा घरात माणसांची ये-जा असताना कुणी डब्यात हात घालून ठेवू नये, यासाठीच तो बसवलेला असतो. तो हात मालकाचा की आणखी कुणाचा, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून पॅनेल उघडण्याआधी त्याला तसं सांगावं लागतं, आणि सगळी कसरत त्या सांगण्याचीच आहे.

आधी माणसांना सांगा

अलार्म एखाद्या कंपनीच्या कंट्रोल रूमला जोडलेला असेल, तर तिथे फोन करून एक-दोन तासांसाठी टेस्टवर टाकायला सांगा, म्हणजे तेवढ्या वेळात आलेला अलार्म ते खरा धरत नाहीत. पॅनेलमध्ये सिम असेल, तर ज्या ज्या नंबरांवर मेसेज जातो त्यांनाही कळवा. पुण्यात बसलेल्या मुलाला दुपारी 'घरात घुसखोरी' असा मेसेज गेला तर तो आधी पोलिसांना फोन करील, तुम्हाला नंतर. शेजारी तर आलेच. दुपारच्या झोपेची वेळ टाळली तर शेजारधर्म टिकतो.

बॅटरी खरंच गेली आहे का?

डब्यात बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद लेड-अॅसिड बॅटरी असते. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये बसते तीच. ती साधारण ३ ते ५ वर्षं चालते. पण आमच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि डबा असतो माळ्यावर, पत्र्याच्या जवळ. या बॅटऱ्यांचं आयुष्य २५ अंश धरून मोजलेलं असतं. त्यावर दर १० अंशांना ते ढोबळमानाने निम्मं होतं. माझी पहिली बॅटरी दोन उन्हाळ्यांत फुगली. डबा खाली, घरातल्या गार भिंतीवर घ्यायला हवा होता, पण वायरिंग झाल्यावर ते सुचून काय उपयोग!

तपासायची सोपी रीत अशी. अलार्मचा मेन स्विच अर्धा तास बंद ठेवा. पॅनेल, कीपॅड आणि सेन्सर मिळून ३०० मिलिअँपिअर ओढत असतील, तर नवी बॅटरी कागदावर २३ तास पुरते. अर्ध्या तासातच कीपॅडवर लो बॅटरी आलं, तर तिचे दिवस भरले. एक मात्र लक्षात ठेवा: बॅटरी अगदीच मेलेली असेल तर स्विच बंद करताक्षणी बाहेरचा हूटर वाजू शकतो. म्हणून माणसांना सांगायचं काम त्याच्या आधी.

मल्टिमीटरने मोजायची घाई करू नका. बॅटरी जोडलेली असताना मीटरवर १३.६ ते १३.८ दिसतं, पण तो आकडा चार्जरचा असतो. मी त्यावर विश्वास ठेवून एक आख्खा पावसाळा काढला होता.

इंजिनिअर मोड

मालकाच्या कोडने फक्त अलार्म चालू-बंद होतो. टॅम्पर झोपवायला इंजिनिअर कोड लागतो, त्याला कुणी इन्स्टॉलर कोडही म्हणतं. काही पॅनेलांत आधी मालकाने आपला कोड टाकून परवानगी द्यायची, मगच इंजिनिअरचा कोड चालतो. कीपॅडवर तो मोड दिसल्याशिवाय स्क्रूला हात लावू नका.

कोड माहीत नसेल, समजा घर जुनं विकत घेतलंय, तर ज्यांनी अलार्म बसवला त्यांना घराचे कागद दाखवून बोलवा. अंदाजाने आकडे दाबत बसू नका, चुकीच्या कोडांनी कीपॅड लॉक होतं. आणि कोड मिळालाच तर झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने लिहून ठेवू नका. आमच्या मेकॅनिकने नेमकं तेच केलं होतं.

मेन बंद करायचा की नाही?

इथे मी सगळ्यात जास्त गोंधळलो होतो. विजेचं काम म्हटलं की आधी मेन बंद, हे आपल्या हाडीमासी भिनलेलं. पण मेन बंद करून बॅटरीही काढली, तर पॅनेल पूर्ण मरतं. बाहेरच्या भिंतीवरच्या हूटरमध्ये बऱ्याचदा स्वतःची वेगळी बॅटरी असते. पॅनेलकडून येणारा वीजपुरवठा तुटला की वायर कापली गेली असं समजून तो स्वतःच्या जिवावर बोंबलतो. शिवाय वीज परत आली की काही पॅनेलं इंजिनिअर मोड विसरून जागी होतात, आणि समोर झाकण उघडं बघून पुन्हा ओरडतात.

म्हणून बॅटरीपुरतं काम असेल तर मेन चालू ठेवून बदलतात. हे करायचं की नाही, ते डब्यात काय दिसतं त्यावर ठरवा. ट्रान्सफॉर्मर बाहेर, प्लगमध्येच असेल आणि डब्यात १६-१८ व्होल्टच येत असतील, तर निर्धास्त करा. २३० व्होल्टची वायर थेट डब्यात येत असेल आणि तिच्या टर्मिनलवर नीट आवरण असेल, तर त्या बाजूला हात न नेता करता येईल. तांब्याचं उघडं टोक दिसलं तर झाकण परत लावा आणि वायरमनला बोलवा. भोंगा वाजला तर लोक हसतील, शॉक लागला तर कुणी हसणार नाही.

बदलताना

घड्याळ आणि अंगठी काढून ठेवा. ही बॅटरी शॉक देत नाही, पण दोन टोकांना धातू टेकला तर लालभडक तापतो. वजन सुमारे २ किलो असतं, तेव्हा शिडी धरायला कुणीतरी हवं. जुन्या बॅटरीचा फोटो काढा.

आधी काळी वायर उपसा, मग लाल. वायरला धरून ओढू नका, लग, म्हणजे वायरच्या टोकाचा बॅटरीवर बसणारा धातूचा खाचा, पकडीने धरून सरळ खेचा. नवी लावताना उलट: आधी लाल, मग काळी. उलटीसुलटी जोडली तर निदान फ्यूज जातो, कधी बोर्डही. दुकानात जायच्या आधी लगची रुंदी बघा. याच बॅटऱ्यांवर ४.८ मिलिमीटरची आणि ६.३५ मिलिमीटरची अशा दोन टाइपची टोकं येतात. माझा लग अरुंद निघाला आणि मी त्याला पकडीने रुंद करत बसलो. तो सैल राहिला, महिनाभराने पुन्हा लो बॅटरी.

डबा उघडाच आहे तर आत बघून घ्या. पालीची अंडी, मुंग्यांची रांग, कुरतडलेली वायर, यातलं काहीतरी सापडतंच. कोरड्या रंगाच्या ब्रशने झटका. फुंकर नको, तोंडातली वाफ बोर्डावर बसते. वायर जिथून आत येते ते भोक सिलिकॉनने बुजवा.

जुनी बॅटरी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि अॅसिड असतं. बॅटरीचे दुकानदार ती परत घेतात, वर थोडे पैसेही वजा करून देतात.

सेन्सरही तपासून घ्या

वायरलेस सेन्सरची बॅटरी, बहुधा सीआर१२३ए, बदलतानाही तोच नियम: त्याच्या झाकणालाही टॅम्पर असतो, म्हणून इंजिनिअर मोड असेतोवरच हे उरकून घ्या. खोलीतल्या सेन्सरची काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा. तिच्यावर कोळी फिरला तरी पॅनेलला माणूस वाटतो. पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात आणि दारावरचं चुंबक सेन्सरपासून सरकतं. रात्री कारण नसताना अलार्म वाजत असेल तर भुताआधी या चुंबकाकडे बघा.

बंद करताना

झाकण लावा, स्क्रू पूर्ण आवळा. स्क्रू सैल राहिला तर टॅम्परची स्प्रिंग दबत नाही आणि पॅनेल मोडमधून बाहेर यायला तयार होत नाही. मग वॉक टेस्ट: प्रत्येक खोलीतून चालत जायचं, प्रत्येक दार उघडायचं, कीपॅडवर झोनचा, म्हणजे त्या सेन्सरच्या जागेचा, नंबर उमटतो का ते पाहायचं. आणि मग इंजिनिअर मोडमधून न विसरता बाहेर या. मोड तसाच राहिला तर घर उघडं टाकल्यासारखंच.

अलार्म लावून एकदा मुद्दाम वाजवा. मेसेज आला नाही तर सिमचं रिचार्ज बघा. माझं चार महिन्यांपूर्वीच संपलं होतं.

बॅटरीवर मार्करने महिना आणि वर्ष लिहा, हे खरं तर झाकण लावायच्या आधी करायचं. आम्ही दर वेळी शेवटी आठवतो आणि पुन्हा स्क्रू काढतो. शेवटी कंट्रोल रूमला टेस्ट संपल्याचं कळवा, आणि काकूंनाही: "झालं काकू. आता वाजला तर खरा समजा."