मोदेराता फोन्ते सातजणींनी मिळून कशी वाचावी

सोळाव्या शतकातली इटालियन लेखिका मोदेराता फोन्ते हिचं ‘इल मेरितो देल्ले दोन्ने’, म्हणजे स्त्रियांची योग्यता, हे बायकांच्या गप्पांचं पुस्तक मोठ्याने वाचावं. आमच्या महिला मंडळात मी ते अभिवाचनाला घेतलं होतं. तुम्हीही घ्या, असा माझा आग्रहच आहे. इटालियन येत नसेल तर व्हर्जिनिया कॉक्स यांचा इंग्रजी अनुवाद मिळवा आणि आपल्या रोजच्या मराठीत बोला. पुस्तकी भाषेत त्या गप्पा मरतात.

सातजणी जमवा, कारण पुस्तकातही सातच आहेत. व्हेनिसमध्ये लिओनोराच्या बागेत दोन दिवस त्या बोलत बसतात, आणि तिथे एकही पुरुष नाही. वयस्क विधवा आद्रियानाला या गप्पांची राणी नेमलेलं असतं. मंडळात जिचा शब्द सगळ्या मानतात, तिला ही भूमिका द्या. लिओनोरा, कोर्नेलिया आणि कोरिन्ना पुरुषांवर आरोप करतात. एलेना, लुक्रेत्सिया आणि आद्रियानाची लेक व्हर्जीनिया पुरुषांची बाजू घेतात. ही बाजू मिळमिळीत वाचू देऊ नका. एलेनाचं लग्न नुकतंच झालंय, तिचा नवऱ्यावरचा विश्वास खरा वाटला पाहिजे. तरच लग्नच नको म्हणणाऱ्या कोरिन्नाच्या उत्तराला धार येते.

हुंड्याचा भाग सावकाश घ्या. हुंडा देऊन वर गुलामी पत्करायची, त्यापेक्षा त्या पैशात दर कार्निव्हलच्या सणाला एक डुक्कर घेतलेलं बरं, असं तिथे एकजण सुनावते. आमच्याकडे आधी हशा पिकला, मग बायका आपापल्या लग्नातल्या देण्याघेण्याबद्दल बोलू लागल्या. अशा वेळी पुस्तक मिटून ठेवा आणि बोलू द्या.

लेखिकेची ओळख सुरुवातीलाच करून द्या. खरं नाव मोदेस्ता पोत्सो, जन्म १५५५चा. आईवडील ती तान्ही असतानाच गेले. भाऊ शाळेतून आला की आज काय शिकवलं म्हणून ती त्याच्या मागे लागायची. लॅटिन ती अशी शिकली. १५९२मध्ये ती बाळंतपणात गेली. पुस्तक १६००मध्ये छापलं गेलं, तेव्हा अर्पणपत्रिका तिच्या मुलीने, चेचिलियाने लिहिली.

दुसऱ्या दिवसाला कात्री लावायचा मोह होतो. त्यात पक्षी, मासे, नद्या, औषधं असं बरंच काही येतं आणि विषय भरकटल्यासारखा वाटतो. मला मात्र तोच भाग सर्वात धीट वाटतो. सृष्टीचं ज्ञान आपलंही आहे, हा हक्क त्या मागत बसत नाहीत, सरळ त्यावर बोलू लागतात. वेळ कमी असेल तर पहिल्या दिवसातली जुन्या काळच्या थोर स्त्रियांची उदाहरणं गाळा, पण हा भाग ठेवा.

पुढच्या बैठकीला ताराबाई शिंदे यांची १८८२ची ‘स्त्री-पुरुष तुलना’ घ्या. ती वाटून वाचू नका. सगळा राग एकाच बाईचा आहे, तेव्हा खणखणीत आवाजाची एकच वाचक निवडा आणि तिच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवा.