कार्डांचा डबा, कॉलेजची फी आणि एकच वही

पोकेमॉन कार्डांचा डबा विकून फीला हातभार लावायचा असेल, तर पहिलं काम खरं-खोटं निवडण्याचं. जत्रेत किंवा स्टेशनरीच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळालेली सोनेरी, चकचकीत कार्डं जवळपास सगळी नकली निघतात. खरं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं. मागच्या बाजूला 'Pokémon' या नावातल्या 'ई'वर तिरकी रेघ असते; नकलीत ती बरेचदा गायब असते, निळा रंगही फिका नाहीतर जांभळट असतो. खात्रीचं एक साधं कार्ड शेजारी धरून दोन्हींमागे मोबाईलचा टॉर्च लावा. ज्यातून उजेड जास्त आरपार येतो, त्यावर संशय घ्यावा.

मग खालच्या कोपऱ्यातला नंबर वाचा. ४/१०२ म्हणजे १०२ कार्डांच्या संचातलं चौथं, हाच तो १९९९ च्या इंग्रजी बेस सेटमधला, म्हणजे पहिल्या संचातला, गाजलेला चारिझार्ड. डावा आकडा उजव्यापेक्षा मोठा असेल तर कार्ड सिक्रेट रेअर, ते बाजूला काढा. जुन्या संचांत गोल म्हणजे साधं, चौकट म्हणजे त्याच्या वरचं, चांदणी म्हणजे दुर्मिळ. गोल-चौकटवाल्यांचा भाव एकेक करून शोधत बसू नका, ती गठ्ठ्यानेच जातात.

खरी किंमत ठरते ती अवस्थेवर, आणि इथेच लोक स्वतःला फसवतात. सोनार वापरतात तसलं दहापट भिंग घ्या, कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरा. मागचे चारही कोपरे पाहा: निळ्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला तरी कार्ड 'मिंट', म्हणजे कोरं करकरीत, नाही. समोरच्या बाजूला डावी किनार २ मिलिमीटर आणि उजवी ३ असेल तर मध्य ४०-६० वर सरकलाय, ग्रेडिंगमध्ये दहापैकी दहा विसरा. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात फॉइलची कार्डं वाकतात, कारण कागद ओल पितो आणि फॉइल पीत नाही. वाकलेल्या कार्डावर इस्त्री फिरवू नका, ओलं फडकंही नको, रबरबँड तर नकोच. कडेला दात पडतात. प्लॅस्टिकची स्लीव्ह, त्यावर टॉपलोडर म्हणजे कडक प्लॅस्टिकचं पाकीट, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या.

भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेला आकडा सोडून द्या. ईबेवर 'सोल्ड' हा फिल्टर लावून त्याच कार्डाच्या, त्याच अवस्थेच्या शेवटच्या पाच विक्री लिहा आणि चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. डॉलरला रुपयांनी गुणून तेवढेच हातात येतील असं धरू नका. त्या भावाला विकायचं तर कमिशन आणि परदेशी टपाल वजा होतं.

पीएसए या कार्ड तपासून दहापैकी गुण देणाऱ्या अमेरिकी कंपनीकडे ग्रेडिंगला पाठवावं का? समजा कार्ड आहे तसं ३,००० ला जातं, ९ मिळाले तर ४,५००, १० मिळाले तर १४,०००, आणि जाण्यायेण्याचा, फीचा, कस्टम्सचा मिळून खर्च ५,०००. चारातल्या एकालाच १० आणि बाकीच्यांना ९ मिळेल असं धरलं तर सरासरी ६,८७५. खर्च वजा जाता उरले १,८७५. म्हणजे तसंच विकलेलं बरं.

वहीच्या पुढच्या पानावर कॉलेजचा हिशेबही असाच मांडा. माहितीपत्रकातलं सर्वांत मोठं पॅकेज म्हणजे १४,००० वालं कार्ड. तुम्ही त्या शाखेतला मधला पगार विचारा, आणि किती मुलांना नोकरी लागली तेही. खर्चात ट्यूशन फीबरोबर हॉस्टेल, मेस, बस धरा. घरून बसने जाणं आणि पुण्यात राहणं यातला फरक बरेचदा फीपेक्षा जड पडतो.

बेळगाव-खानापूरकडच्या मराठी मुलांना इंजिनिअरिंगची दोन दारं आहेत. केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेच्या पात्रतेतल्या 'ए' कलमाला कर्नाटकात किमान सात वर्षं शिक्षण आणि एसएसएलसी (दहावी) किंवा सेकंड पीयूसी (बारावी) इथली लागते. म्हणून दहावीपर्यंत इथे शिकून अकरावी-बारावीला चंदगड-कोल्हापूर गाठलं तरी हे दार बंद होत नाही. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी 'ई' प्रकारची उमेदवारी आहे. तिला सीमाभागाचा आणि मातृभाषेचा असे दाखले लागतात. ते फेऱ्या सुरू होण्याआधीच काढा. मार्क्सकार्डावर आडनावाचं स्पेलिंग एक आणि आधारवर दुसरं असेल, तर तिथेच आठवडा जातो.

एसएसएलसीनंतरच विचार चालू असेल तर हेही मोजा: पीयूसी दोन अधिक बीई चार, वर्षं सहा. डिप्लोमा तीन, मग डीसीईटी या डिप्लोमावाल्यांच्या प्रवेश परीक्षेने थेट बीईच्या दुसऱ्या वर्षाला, तीही सहाच. फरक इतकाच की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षीच नोकरीपुरता कागद असतो.

आणि कार्डांचाच धंदा करायचा म्हणणाऱ्याने सहा महिने खरेदी, विक्री, टपाल आणि तास लिहावेत. नफ्याला तासांनी भागलं की मजुरी कळते. न विकलेला माल नफ्यात धरायचा नाही. पीयूसी मात्र त्यापायी सैल सोडू नये, कारण केसीईटीच्या इंजिनिअरिंग रँकमध्ये निम्मं वजन फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सच्या पीयूसी गुणांचं असतं.

विकायचंच ठरलं तर फीच्या शेवटच्या तारखेआधी दोन महिने सुरुवात करा. घाईतल्या विक्रेत्याला गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. आधी गठ्ठा, मग मधली, चांगली शेवटी. पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ ठेवा, त्यात कार्डाचा नंबर आणि चारही कोपरे दिसले पाहिजेत.