ग्रीक ‘पैसा’: लिहिताना या चुका टाळा

प्राचीन ग्रीसवर मराठीत लिहिताना ‘पैसा’ म्हटलं की ‘नोमिस्मा’ लिहून लोक मोकळे होतात. नोमिस्मा म्हणजे चलन, चालतं नाणं. एखाद्याचा पैसाअडका, मालमत्ता सांगायची तर ग्रीक माणूस ‘ख्रेमाता’ म्हणे, म्हणजे मुळात वापरात येणाऱ्या वस्तू. रोख रकमेला ‘आर्ग्युरिऑन’, सरळ चांदीवरून आलेला शब्द.

‘नोमिस्मा’ हा ‘नोमोस’वरून आलेला शब्द. त्याची व्युत्पत्ती देताना ‘नोमोस म्हणजे कायदा’ एवढ्यावर थांबणं ही जास्त महागात पडणारी चूक. नोमोसमध्ये रूढी, रिवाजही येतात. ॲरिस्टॉटल ‘निकोमाखियन एथिक्स’ या ग्रंथाच्या 5व्या भागात म्हणतो की नाणं निसर्गाने नव्हे तर नोमोसने चालतं, म्हणून ते बदलणं किंवा निरुपयोगी ठरवणं आपल्याच हातात असतं. हे ध्यानात नसेल तर सिनोपी गावच्या डायोजेनिस या तत्त्वज्ञाची गोष्ट अर्धीच कळते. ‘नोमिस्मा’ बिघडवल्याचा ठपका त्याच्यावर होता, पण त्याच शब्दांत ‘चालत आलेली रीत मोडली’ हाही अर्थ निघतो. भाषांतरात नुसतं ‘खोटी नाणी पाडली’ लिहिलं की सगळी गंमत गेली. आणि हो, इंग्रजी ‘मनी’चं मूळ नोमिस्मात शोधू नका. ते रोमच्या जूनो मोनेटा देवीच्या नावातलं. तिच्या देवळापाशी टांकसाळ होती.

‘द्राख्मा’ला नुसतं नाणं समजू नका, ते वजनही होतं. शब्दाचा मूळ अर्थ मूठभर. मुठीत सहा लोखंडी सळया मावत, एकेक सळई म्हणजे ओबोलोस, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. नाणी आल्यावरही 6 ओबोलोसांचा 1 द्राख्मा हा हिशेब टिकला. अर्गोसजवळच्या हेरा देवीच्या देवळात अशा सळयांची जुडीच सापडली आहे. शहराचं नाव मात्र सोडू नका: अथेन्सचा द्राख्मा सुमारे 4.3 ग्रॅम चांदीचा, एजिना बेटाचा सुमारे 6 ग्रॅमचा.

त्याचे रुपये करू नका. चांदीच्या आजच्या भावाने येणारा आकडा वाचकाला फसवतो. त्यापेक्षा मजुरी सांगा: इ.स.पू. 5व्या शतकाच्या अखेरीस अथेन्समध्ये एरेख्थेयॉन मंदिराच्या बांधकामावर कारागिराला दिवसाला 1 द्राख्मा मिळे, न्यायसभेत बसणाऱ्या नागरिकाला 3 ओबोलोस. एवढ्याने अंदाज येतो.

आपल्याकडचा ‘दाम’ हा द्राख्माच, पण ‘द्रम्म’ मार्गे. कोकणच्या शिलाहार राजांच्या लेखांत द्रम्म भेटतो. मधली पायरी गाळू नका. तशीच गडबड 1906मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांबाबत होते. त्यांवर ग्रीक लिपीतली अक्षरं आहेत आणि अभ्यासक वजनावरून त्यांना द्राख्मा म्हणतात, म्हणून त्या काळी लोकही तसंच म्हणत असं लिहिलं जातं. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात नाण्याला शब्द आहे कार्षापण: 70,000 कार्षापण, 35चा 1 सुवर्ण (सोन्याचं नाणं), म्हणजे 2,000 सुवर्ण. तेव्हा तळटीपेत ‘द्राख्मा’ खुशाल लिहा, पण उषवदाताच्या तोंडी कार्षापणच राहू द्या.