रानातल्या भयपटाचा साउंड: नऊ रात्रींत शिकलेलं

सिनेमाच्या साउंडमध्ये येऊ पाहणारी मुलं भेटली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, हॉररला कुठली इफेक्ट लायब्ररी वापरता?" मी लायब्ररीचं नाव सांगत नाही. आधी सिंधुदुर्गातल्या एका देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, काढलेल्या नऊ रात्रींबद्दल सांगते, कारण या कामातलं मला जे खात्रीने कळलंय ते बहुतेक तिथेच कळलं.

सिनेमा छोटा होता. चार मित्र ट्रेकला निघतात, वाट चुकून देवराईत शिरतात आणि उजाडेपर्यंत त्यांना बाहेर पडता येत नाही. गोष्ट एका रात्रीची, शूटिंग मे महिन्याच्या शेवटी, नऊ रात्रींचं. त्याआधी सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली केबल गुंडाळल्या होत्या, बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरला होता. लोकेशन साउंडची सगळी जबाबदारी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती.

पहिल्या पाच रात्री कोरड्या गेल्या. रातकिडे, मधूनच रातवा पक्ष्याची चकचक, लांब वाडीतली कुत्री. संवाद स्वच्छ मिळत होते आणि मी त्यातच खूश होते. सहाव्या रात्री वळीव कोसळला आणि तासाभरात सगळं रान बेडकांनी भरून गेलं. पाणथळ कोपऱ्यातून सुरू झालेला तो गजर उरलेल्या चारही रात्री थांबला नाही. गोष्टीत पाऊस फार उशिरा येतो आणि आम्ही शेवटच्या रात्रींत शूट केलेले दोन प्रसंग गोष्टीत अगदी सुरुवातीला होते. संवादाच्या पाठीमागचे बेडूक उपटून काढता येत नाहीत. दोन्ही प्रसंग डब करावे लागले. डब केलेल्या संवादाखाली घालायला कोरड्या रात्रीचा निव्वळ आवाज हवा, आणि पाच रात्री हातात असूनही तो मी वेगळा घेतलेलाच नव्हता. मग दोन वाक्यांच्या मधल्या दीड-दोन सेकंदांच्या चिंध्या जोडून जोडून गोधडी शिवावी तसं ते काम केलं. त्यात तीन आठवडे गेले.

म्हणून सांगते, दर रात्री, दर जागी, दर दोन तासांनी सगळ्या युनिटला गप्प उभं करून दोन मिनिटं फक्त रान रेकॉर्ड करा आणि त्यावर वेळ बोलून ठेवा. कॅमेरा बंद असताना घेतलेल्या अशा आवाजाला आम्ही वाइल्ड ट्रॅक म्हणतो. रातकिड्यांची लयसुद्धा हवेच्या उष्म्यावर चालते. रात्री नऊला ते भरभर किरकिरतात, पहाटे गारवा आला की संथ होतात. एकाच प्रसंगाचे दोन शॉट या दोन वेळांना घेतले, तर कट झाल्यावर प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण खटकेल. घड्याळ बघून बसलेल्या असिस्टंट डायरेक्टरला ही दोन मिनिटं जड जातात, तेव्हा हे रेकीलाच, म्हणजे शूटिंगआधी जागा बघायला जाता तेव्हाच, बोलून ठेवा. आणि कॅमेऱ्याची रेकी दिवसा होते म्हणून तुमचीही दिवसाच करू नका. शूटिंग ज्या वेळी असेल त्या वेळी जाऊन अर्धा तास नुसतं बसा. दिवसा शांत वाटणाऱ्या जागेत रात्री पलीकडच्या पाणंदीतला पंप घरघरत असतो.

साहित्याबद्दल थोडक्यात. दमट हवेत कंडेन्सर माइक तडतडतो. तो एसी खोलीत ठेवून तसाच रानात नेला की आत दव धरतं. माझ्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि दोन सुके पंचे कायम असतात. जनरेटर शक्यतो टेकाडाच्या पलीकडे लावायला सांगा, नुसतं अंतर पुरत नाही. ट्रेकर म्हटलं की कॉस्च्युमवाले नायलॉनची विंडचिटर आणतात आणि तिच्या आत लेपल, म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माइक, लावला की संवादापेक्षा सळसळच जास्त येते. पात्राच्या अंगावर सुती शर्ट आला तर तुमचं निम्मं काम झालं, म्हणून कपडे ठरताना त्या बैठकीला जा. पाय फ्रेममध्ये नसतील तेव्हा नटांच्या पायाखाली गोणपाट अंथरा. पाचोळ्याचा आवाज नंतर फोलीत, म्हणजे स्टुडिओत चित्र बघून आवाज करतात तेव्हा, हवा तेवढा करता येतो. सागाचा पाचोळा कडक वाजतो, आंब्याचा मऊ. फांदी मोडल्याचा आमच्या सिनेमातला सगळ्यात चांगला आवाज झाडावरच वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेचा आहे.

आता भीतीकडे येते.

रातकिड्यांच्या जवळ गेलात की ते गप्प होतात. आपण वाटेने चालतो तेव्हा शांततेचा एक गोल आपल्याबरोबर सरकत असतो, पुढचे किडे थांबतात, मागचे पुन्हा सुरू होतात. शूटिंगच्या तिसऱ्या रात्री मी हेडफोन लावून एकटीच बसले होते. डावीकडचे किडे थांबले. मग समोरचे. मग उजवीकडचे सुरू असतानाच माझ्या अगदी मागचे थांबले. बॅटरी मारली तर एक भेकर उभं होतं. पण त्या दहा सेकंदांत माझ्या मानेवर जो काटा आला, तो कुठल्याही इफेक्टने आणता आला नसता. मिक्सिंगला बसलो तेव्हा आम्ही पडद्यावर काहीच दाखवलं नाही. नुसती ती शांतता डावीकडून उजवीकडे चालवली आणि नायिकेच्या पाठीशी आणून थांबवली. थिएटरात लोक मागे वळून बघतात.

असं काम करणारे आम्ही पहिले नव्हे. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा तीन मुलांचा रानातला भयपट १९९९ साली आला. त्याचं मूळ शूटिंग ऑक्टोबर १९९७मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात आठ दिवसांत झालं. कॅमेरे नटांच्याच हातात होते. रात्री तंबूच्या बाहेर काड्या मोडायच्या, टेपवर लहान मुलांचे आवाज लावायचे, हे काम दिग्दर्शक आणि त्यांची माणसं अंधारातून करत. नटांचं दचकणं खरं आहे आणि ते कानांतून आलेलं आहे. नव्या मुलांनी तो सिनेमा एकदा पडद्याकडे पाठ करून ऐकावा.

आमच्या गोष्टीतला कणा होता चकवा. कोकणात वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९मध्ये माणसांना सपाट जंगलात सरळ चालायला सांगून पाहिलं. आभाळ झाकलेलं होतं तेव्हा ती खरोखर गोल फिरली, स्वतःचीच वाट त्यांनी पुन्हा ओलांडली, आणि आपण सरळच चालतोय अशी त्यांची समजूत होती. मला यातून एक युक्ती सुचली. देवराईत एका कातळावर वरून पाणी ठिबकत होतं, दोन थेंब लागोपाठ आणि एक जरा थांबून. चार मित्र त्या जागी तिसऱ्यांदा येतात तेव्हा त्यांना ते कळण्याआधी प्रेक्षकाला थेंबांवरून कळतं. संवादात आम्ही त्याचा उल्लेखही केला नाही.

शेवटची गोष्ट मला सगळ्यात जवळची आहे. देवराई म्हणजे सेट नव्हे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास मांडला. पिढ्यान् पिढ्या कुणी काडीसुद्धा न उचलल्याने त्या रानांत काय काय टिकून राहिलंय, ते त्यात दिसतं. शूटिंगआधी सातबारा बघा, जमीन देवस्थानाची, वन खात्याची की कुणाची खासगी, त्याप्रमाणे परवानगी काढा. अभयारण्याची हद्द असेल तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. पण कागद हातात आला तरी गावाला विचारायचं राहिलेलंच असतं.

आम्ही विचारलं. पहिल्या संध्याकाळी मानकऱ्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही पोरां तुझ्या रानात इलेली हत, तेंका सांभाळून घे." आणि मागून सगळ्यांचं "व्हय म्हाराजा!" माझा रेकॉर्डर सुरू होता. कुणाला न विचारता सुरू होता. एडिटिंगच्या वेळी आम्ही तोच आवाज संथ केला, उलटा फिरवला आणि रानातल्या प्रसंगाखाली घातला. अंगावर यायचा तो प्रसंग. मनाला मात्र लागून राहिलं होतं, म्हणून पुन्हा गावात गेले आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या आजोबांना फोनवर ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "गाऱ्हाणा देवाक घातलंय गो चेडवा. ता भुताच्या तोंडात कित्याक घालतस?"

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या रक्षणासाठी त्यांनी उच्चारलेले शब्द होते ते, आणि मी ते त्यांच्याच रानाला भेसूर करायला वापरले होते. लोकश्रद्धेवर उभ्या असलेल्या भयपटात हा मोह पदोपदी येतो. आरती, डाक वाद्य, ओव्या, जे जे आपल्या शहरी कानाला अनोळखी, ते ते भीतिदायक म्हणून वापरलं जातं. त्या लोकांना त्याच आवाजाने धीर येतो. दिग्दर्शकाला मी सगळं सांगितलं, त्यालाही पटलं आणि तो आवाज आम्ही पूर्णपणे काढला.

जागा रिकामी झाली. मग मी नवव्या रात्रीच्या फाइल्स पुन्हा ऐकायला घेतल्या. त्या पहाटे पॅकअप झालं होतं, पाऊस नुकता थांबला होता, आणि झाडीतून कुणीतरी शीळ घालू लागलं होतं. अगदी माणसासारखी, रमतगमत, सूर मध्येच सोडून देणारी शीळ. बूम धरणारा मुलगा "कोण आहे?" म्हणून दोनदा ओरडला. तो शीळकरी कस्तूर होता, पावसाच्या तोंडावर पहाटे गाणारा पक्षी. ती शीळ आम्ही जशीच्या तशी ठेवली, वेग बदलला नाही, उलटी केली नाही. माझ्या साउंड रिपोर्टमध्ये तिची नोंद एवढीच आहे: वाइल्ड ट्रॅक, पहाटे ५.१०, पाऊस थांबल्यावर, सगळे गप्प.