गाडीखाली जाण्याआधी: ट्रॉली जॅक आणि स्टँड कसे निवडावेत

डिकीत स्टेपनीजवळ ठेवलेला कात्री जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरता असतो. ब्रेक पॅड बदलणं, इंजिन ऑइल काढणं अशी कामं घरी करायची असतील तर ट्रॉली जॅक, म्हणजे चाकांवर सरकणारा, तेलाच्या दाबावर चालणारा जॅक घ्यावा, आणि त्याच्यासोबत स्टँडची जोडी घ्यायलाच हवी. जॅक गाडी उचलतो, पण ती वर धरून ठेवणं हे स्टँडचं काम आहे. जॅकमध्ये सगळा भार तेलाच्या दाबावर आणि रबरी सीलवर तोललेला असतो. ते सील कधी दगा देईल हे बाहेरून कळत नाही. त्यामुळे आधी स्टँड चांगले घ्या, मग उरलेल्या पैशांत जॅक बघा.

दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टी घ्या. गाडी सपाट जागेवर उभी करा. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला जॅक लावण्याच्या खाचा असतात, त्यांची जमिनीपासूनची उंची मोजा. समजा ती १८० मिमी भरली. जॅक पूर्ण खाली असताना त्याची वरची वाटी या जागेत सहज सरकली पाहिजे. साधे २ टनी जॅक खालून साधारण १३० ते १४० मिमी असतात, तेव्हा इथे अडचण नाही. टायरमध्ये हवा कमी असेल किंवा गाडी मुळातच बुटकी असेल, तर मात्र लो-प्रोफाइल, म्हणजे खालून आणखी बुटका जॅक बघावा लागतो.

खरी गफलत वरच्या उंचीत होते. बॉडी वर गेली तरी सस्पेन्शन खाली लोंबतं, आणि चाक जमिनीला टेकलेलंच राहतं. चाक सुटायला १०० मिमी किंवा त्याहून जास्त उचलावं लागतं. त्यात बऱ्याच स्टँडची सर्वांत कमी उंचीच २७०-२८० मिमी असते. म्हणजे खाच किमान ३०० मिमीपर्यंत चढल्याशिवाय स्टँड आत जाणारच नाही. छोटा जॅक जेमतेम ३३० मिमीपर्यंत जातो. हॅचबॅकला तो कसाबसा पुरतो, एसयूव्हीला तोकडा पडतो. उंची कमी पडते म्हणून जॅकखाली विटा लावू नका; जास्त उंच जाणारा जॅक घ्या.

वजनाचा हिशोब त्यामानाने सोपा आहे. हजार किलोच्या, इंजिन पुढे असलेल्या गाडीचं ६०० किलोच्या आसपास वजन पुढच्या चाकांवर असतं, म्हणजे प्रत्येक स्टँडवर ३०० किलो. २ टनी स्टँड पुरतो, पण मी ३ टनी सुचवेन, कारण त्याचा पाया सहसा रुंद असतो. लेबलवरची क्षमता एका स्टँडची की जोडीची, हे नक्की विचारा.

स्टँड दोन प्रकारचे मिळतात: दातेरी रॅचेटचे आणि भोकांत आडवी पिन घालायचे. २०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या साखळी दुकानांनी आपले ३ आणि ६ टनी रॅचेट स्टँड मोठ्या प्रमाणावर परत मागवले, कारण दात्यांची पकड भार असतानाच सुटू शकत होती. बदली दिलेल्या काही स्टँडच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाला. म्हणून माझी पसंती पिनवाल्याला. रॅचेटचाच घेतला तर त्यात जादा सुरक्षा पिन हवी, आणि घेताना प्रत्येक वेल्ड नीट निरखून बघा.

आता गाडी उचलू. जागा सपाट आणि टणक लागते. सोसायटीच्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक खचतात. स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवा. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. मागची बाजू उचलली की तो निकामी होतो, म्हणून जी चाकं जमिनीवर राहतील त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. चाक काढायचं असेल तर नट गाडी खाली असतानाच थोडे सैल करा.

प्रत्येक चाकाजवळ खाच एकच असते, आणि तिथे जॅक लावला तर स्टँड ठेवायला जागा उरत नाही. यावर उपाय असा, की जॅक पुढच्या मजबूत क्रॉसमेंबरखाली (गाडीखालच्या आडव्या तुळईखाली) लावायचा आणि स्टँड दोन्ही बाजूंच्या खाचांखाली. हा मधला बिंदू प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असतो, म्हणून गाडीचं मॅन्युअल उघडा. ऑइल सम्प (इंजिनखालचं तेलाचं भांडं), रेडिएटरचा आधार, फ्लोअरचा पत्रा आणि इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी यांना जॅक कधीही लावू नका. खाचेची पत्र्याची कडा चेपू नये म्हणून मध्ये खाच असलेला रबर पॅड वापरा.

हँडल मारताना जॅकच्या चाकांवर लक्ष असू द्या. वाटी सरळ वर न जाता कमानीत चढते, त्यामुळे जॅक थोडा पुढे सरकायलाच हवा. चाकं खडीत अडकली तर वाटी गाडीखालून निसटते. जमिनीवर काही खडे असतील तर ते आधी झाडून घ्या.

दोन्ही स्टँड बसले की जॅक खाली उतरवणारा रिलीज व्हॉल्व्ह अगदी हळू फिरवून भार त्यांच्यावर उतरवा. मग बाजूने गाडीला जोर लावून हलवून बघा. स्टँड जरासा जरी सरकला तर गाडी पुन्हा वर घ्या आणि ते नीट बसवा. काढलेलं चाक दाराखालच्या पत्र्याच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, आणि जॅक नुसता टेकलेला असू द्या. एवढं झाल्यावरच खाली शिरा.